सुत्तपठण शिकताना: गिळलेली अक्षरं आणि पाठाचा खरा लाभ

त्रिशरण-पंचशील आणि बुद्धवंदना पाठ आहे, आता परित्राण पाठातली (रक्षणासाठी म्हणायच्या पाठातली) सुत्तं, म्हणजे बुद्धवचनं, शिकायचीत, पुढेमागे विहारात किंवा कुणाच्या घरी पाठ घ्यायची वेळ येणार आहे, अशा सोलापुरातल्या नवशिक्यांसाठी हे लिहितोय. आधीच स्पष्ट सांगतो. मोबाइलवर पाठ लावून त्याच्यामागे म्हणत राहिलात तर महिन्याभरात चाल येईल, सुत्त येणार नाही. चाल बसली की पाठ आला असं वाटायला लागतं, आणि एकदा तोंडात बसलेली चूक उपटून काढणं नवं शिकण्यापेक्षा जास्त जड जातं.

बहुतेक जण करणीयमेत्त सुत्तापासून सुरुवात करतात, कारण त्यात गाथा कमी, १०च. माझं मत उलटं आहे. आधी मंगलसुत्त घ्या, १२ गाथा. मग रतनसुत्त, १७ गाथा. मेत्तसुत्त शेवटी. मंगलसुत्ताच्या प्रत्येक चरणात ८ अक्षरं असतात ('धम्मचरिया', 'ब्रह्मचरियं', 'अरियसच्चान' अशा मोजक्या ठिकाणी ९ होतात, तिथे घाबरू नका), रतनसुत्तात बहुतेक ११. ही अक्षरं बोटांवर मोजता येतात, आणि समोर गुरू नसताना आपली चूक आपणच पकडायचा हा एकमेव भरवशाचा उपाय आहे. मेत्तसुत्ताचं वृत्त जुन्या आर्येचं, मात्रांवर चालणारं. तिथे बोटं उपयोगी पडत नाहीत.

आता ज्यात जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस अडकतो ते सांगतो, आणि जरा लांबवूनच सांगतो. मराठी बोलताना आपण शब्दाच्या मधला आणि शेवटचा 'अ' गिळतो. 'भगवान' लिहितो, म्हणतो मात्र 'भग्वान'. हीच सवय पालीत, म्हणजे सुत्तांच्या भाषेत, शिरते. 'नमो तस्स भगवतो अरहतो' याचं 'भग्वतो अर्हतो' होतं, 'वेरमणी'चं 'वेर्मणी' होतं, आणि म्हणणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण कानाला ते मराठी म्हणून बरोबरच वाटतं. पालीत लिहिलेलं प्रत्येक अक्षर उच्चारायचं असतं. मंगलसुत्तातला हा चरण घ्या: 'असेवना च बालानं'. अ, से, व, ना, च, बा, ला, नं. आठ. तोंडातून 'असेव्ना' निघालं की सात भरतात. पुढचा 'पण्डितानञ्च सेवना', तिथे 'सेव्ना' झालं की पुन्हा सात. 'एतं मङ्गलमुत्तमं' हे तर प्रत्येक मंगल-गाथेच्या शेवटी येतं. 'मंगल्‌मुत्तमं' म्हणालात तर तेवढ्या वेळा अक्षर गेलं. रतनसुत्तात 'इदम्पि बुद्धे रतनं पणीतं' यात 'रतनं' तीन अक्षरी आहे, पण तोंडात 'रत्न' आधीपासून बसलेलं असतं, म्हणून अकराची दहा होतात.

एका अक्षराने काय बिघडतं, असं विचाराल. एकट्याने म्हणताना फारसं जाणवत नाही. वीस जण मिळून म्हणायला लागले की अक्षर गिळणारा प्रत्येक चरणाला थोडा पुढे सरकतो, बाकीचे त्याला गाठायला धावतात, आणि पाचव्या गाथेपर्यंत निम्म्यांचा श्वास तुटलेला असतो. पाठ कधी कधी गोंगाटासारखा का वाटतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

तपासायची रीत सोपी आहे. गाथा कागदावर एकेक अक्षर सुटं करून लिहा. अंगठा चार बोटांवरून दोनदा फिरवला की आठ. आपल्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा, कागद समोर धरून ऐका, गिळलेल्या अक्षराला गोल करा. मग तेवढाच शब्द दहा वेळा सावकाश म्हणा, नंतर चरण, शेवटी गाथा. यंत्रमागाच्या गल्लीत राहत असाल तर माग सुरू व्हायच्या आत रेकॉर्डिंग उरकून घ्या, नाहीतर नेमकी हलकी अक्षरं त्या खडखडाटात बुडतात.

दुसरी अडचण 'च'ची. पालीत 'चहा'मधला च सगळीकडे, 'चांगला'मधला कुठेच नाही. 'झान' (ध्यान) म्हणताना 'झाड'मधला झ आणू नका. 'आणि' या अर्थाचा सुटा 'च' दर दुसऱ्या चरणात भेटतो आणि आपण तो 'तूच'मधल्यासारखा म्हणून टाकतो. आपल्या शहरात याची मजेशीर वाटणी दिसते. घरी कन्नड बोलणाऱ्यांचा च आपसूक बरोबर येतो, मधले अ-सुद्धा शाबूत राहतात, पण 'धम्म'चं 'दम्म' आणि 'सङ्घ'चं 'सङ्ग' होऊ शकतं. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्यांना अ गिळायची सवय नसते, पण च मराठीसारखाच दोन तऱ्हांचा असतो. म्हणून दोघा-तिघांनी मिळून शिका. एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला लगेच टोचते.

शब्द कुठे तोडायचा हे अर्थ कळल्याशिवाय समजत नाही. 'करणीयमत्थकुसलेन' हे 'करणीयं' आणि 'अत्थकुसलेन' मिळून झालंय. 'करणीय, मत्थ, कुसलेन' असे तुकडे पाडले की मधे भलताच शब्द तयार होतो. 'बालानं' म्हणजे मुलांची नव्हे, मूर्खांची संगत टाळा. पुस्तिकांत छपाईच्या चुका असतात, पण प्रत्येक फरक ही चूक नसते. 'सूजू च' आणि 'सुहुजू च', 'पूजनीयानं' आणि 'पूजनेय्यानं' हे दोन्ही पाठ परंपरेने चालत आलेत. त्यावरून भांडू नका, ज्या विहारात बसलात तिथला पाठ म्हणा. शंका असेल तर नालंदाची ४१ खंडांची किंवा इगतपुरीची नागरी त्रिपिटक आवृत्ती पाहा.

गुरू शोधताना गोड गळ्याच्या मागे लागू नका. एका अक्षराला तुम्हाला थांबवणारा माणूस शोधा. भन्तेजी मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर विहारात वर्षानुवर्षं वंदना घेणाऱ्या एखाद्या आजींजवळ बसा.

रोज एकच गाथा. सकाळी नवी, रात्री मागच्या तीन. मंगलसुत्ताला उजळणीसकट तीन आठवडे धरा. पाठ केलेलं ऐनवेळी आठवलं नाही तर खचू नका. हाच प्रश्न संगारव नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना विचारला होता, त्रिपिटकातल्या संयुत्तनिकायात तो आहे. दीर्घकाळ घोकलेलंही कधी कधी आठवत नाही, ते का? उत्तर पाच नीवरणांचं, म्हणजे चित्ताच्या अडथळ्यांचं. रंग मिसळलेल्या, उकळत्या, शेवाळलेल्या, वाऱ्याने हललेल्या किंवा अंधारातल्या गढूळ पाण्यात तोंड दिसत नाही, तसं कामना, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता आणि शंका यांनी भरलेल्या चित्तात पाठ दिसत नाही. म्हणून अडखळलात की जोर लावू नका. पाच-दहा श्वास शांत बसा आणि गाथा पुन्हा पहिल्या चरणापासून घ्या.

आता लाभाबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त दिशाभूल होते. '२१ दिवस अमुक सुत्त म्हणा, नोकरी लागेल' असले संदेश पुढे पाठवू नका. पाठ सुरू आहे म्हणून कुणाचं औषध थांबवू देऊ नका, हे घरच्यांना तोंडावर सांगा. मेत्तेचे (मैत्रीभावनेचे) ११ लाभ अंगुत्तरनिकायात दिलेत: सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते, वाईट स्वप्नं पडत नाहीत, चित्त लवकर एकाग्र होतं वगैरे. पण ते मैत्री सेवन करणाऱ्याला, भावना करणाऱ्याला, वारंवार वाढवणाऱ्याला सांगितलेत. नुसते शब्द म्हणणाऱ्याला नाहीत. पठणाचा स्वतःचा लाभ त्याच निकायातल्या विमुत्तायतन सुत्तात आहे. ऐकलेला धम्म विस्ताराने म्हणत असताना अर्थ उलगडतो, त्यातून प्रमोद, मग प्रीती, शरीर शांत होतं, सुख वाटतं, चित्त समाधीत जातं. मुक्तीच्या पाच आयतनांत (मुक्ती साधायच्या प्रसंगांत) पठणाला जागा आहे, ती या क्रमामुळे. अर्थ कळला नाही तर हा क्रम पहिल्याच पायरीवर अडतो.

म्हणून कुणाच्या घरी पाठ घ्याल तेव्हा आधी दोन मिनिटं मराठीत अर्थ सांगा, मग सुरू करा. दोन चरणांनंतर श्वास, चारांनंतर पूर्ण थांबा. सोबतच्यांपैकी सगळ्यात सावकाश म्हणणाऱ्याचा वेग तो आपला वेग. ही तीन सुत्तं पक्की झाली की पुण्यानुमोदनासाठी तिरोकुड्ड सुत्त घ्या. गेलेल्यासाठी रडणं, शोक करणं त्याच्या उपयोगी पडत नाही, त्याच्या नावाने दिलेलं दान पडतं, असं ते सांगतं. त्याचेही चरण बहुतेक आठ अक्षरांचेच आहेत.