ग्रीनलंडचा जुना नकाशा उपग्रहचित्रावर बसत नाही? या चुका टाळा

ईशान्य ग्रीनलंडचा शंभरेक वर्षांपूर्वीचा नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला की किनारा हमखास सरकलेला दिसतो, आणि आपण लगेच तो रबरासारखा ताणायला बसतो.

हिमनदीचं टोक कंट्रोल पॉइंट (नकाशा आणि उपग्रहचित्र जुळवायची खूण) म्हणून धरू नका. स्कॅनवर ते ठसठशीत दिसतं, म्हणून मीही धरलं होतं. अख्खा फ्योर्ड, म्हणजे कड्यांमधली लांबट खाडी, वाकडा झाला. हिमनदी मागेपुढे होत राहते. त्यापेक्षा खडकाळ भूशिर किंवा एखादं छोटं बेट बघा.

अक्षांश आणि रेखांश यांच्यावर सारखाच भरवसा टाकणं ही दुसरी चूक. अक्षांश सेक्स्टंटने, म्हणजे सूर्याची उंची मोजायच्या उपकरणाने, माध्यान्हीच्या सूर्यावरून बऱ्यापैकी नेमका मिळायचा. रेखांशाला मात्र अचूक घड्याळ हवं, आणि ते स्लेजवर हादरे नि गारठा सोसत चाललेलं. घड्याळ एक मिनिट चुकलं की रेखांश पाव अंशाने चुकतो. ८० अंश उत्तरेला रेखांशाचा एक अंश जेमतेम १९ किलोमीटरचा, म्हणजे फरक पडला पाचेक किलोमीटरचा. तेव्हा सगळा पट्टा पूर्व-पश्चिम एकसारखा हलला असेल, तर ताणू नका, नुसता सरकवा. त्याआधी समासात मूळ (शून्य) रेखांश ग्रीनिचचा आहे की पॅरिसचा, तेही बघा. दोघांत २ अंश २० मिनिटांचं अंतर आहे.

सगळ्यात महागात पडते ती मात्र वेगळीच चूक: काढलेली प्रत्येक रेघ मोजलेली समजणं. १८९२ च्या जुलैत अमेरिकी शोधक रॉबर्ट पिअरी उत्तर ग्रीनलंडमधल्या नेव्ही क्लिफच्या कड्यावर उभा होता. समोरचं दृश्य पाहून त्याने ठरवलं, की पलीकडची भूमी ग्रीनलंडपासून तुटलेली आहे, मध्ये सागरी खाडी आहे. ‘पिअरी चॅनल’ नकाशावर आलं. १९०७ मध्ये डॅनिश मोहिमेतल्या म्युलियुस-एरिक्सनच्या तुकडीने तिथवर जाऊन पाहिलं, तर मध्ये जमीनच. परतीच्या वाटेवर तो, ह्योग हागेन आणि ब्रोनलुंड तिघंही मरण पावले. मार्च १९०८ मध्ये ब्रोनलुंडचा मृतदेह सापडला, त्याच्याजवळ हागेनने काढलेले नकाशे होते. चॅनल नसल्याची म्युलियुस-एरिक्सनची चिठ्ठी दगडांच्या ढिगाऱ्यात राहिली होती. ती १९१० मध्ये डॅनिश शोधक मिक्केलसनला मिळाली.

म्हणून नकाशावर मोहिमेचा मार्ग दाखवला असेल, तर आधी तो वेगळ्या लेयरवर गिरवून घ्या. त्या वाटेपासून दूरचा, नुसता नजरेने टिपलेला किनारा असेल, तर तिथे कंट्रोल पॉइंट देऊच नका.