पाच अक्षरांतून शब्द काढताना जोडी आधी धरा

ए, ई, एल, एस, टी ही पाच अक्षरे घेऊन इंग्रजी शब्द शोधताना मुले अक्षरे उगाच उलटसुलट करत बसतात. त्याऐवजी एस-टी ही जोडी पकडा. ती सुरुवातीला ठेवली की स्टील (चोरणे) आणि स्टेल (शिळे) मिळतात, शेवटी ढकलली की लीस्ट. मग जोडी बदला: एस-एल पुढे आणले की स्लेट. एकटा एस शेवटी ठेवला तर टेल्स, म्हणजे गोष्टी. अनेकवचनाचा हा एस सर्वांत जास्त विसरला जातो.

घोटाळा होतो तो कानामुळे. मराठीत आपण ऐकतो तसे लिहितो, म्हणून पोलादाचे स्टीलही यादीत घुसते. त्यात ई दोनदा आहे आणि ए नाहीच. खात्रीसाठी प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने मांडा. ए-ई-एल-एस-टी आले तरच शब्द ठेवा. पोलादाचे येते ई-ई-एल-एस-टी.

दादरहून ठाण्याला लोकलमध्ये उभ्याने जाताना वही काढता येत नाही, तिथेही हे तोंडी जमते. पुढची पायरी सहा अक्षरांची: लिसन घ्या. त्यातला न उच्चारलेला टी धरला, तरच सायलेंट आणि एन्लिस्ट सापडतील.