दोन संगणक तारेने जोडण्याआधीची तयारी

एका संगणकावरच्या फाइली केबलने दुसऱ्यावर न्यायच्या असतील तर आधी कागद-पेन घ्या. दोन्ही संगणकांची नावं, त्यांवर विंडोज, मॅक की लिनक्स, तुम्ही कोणत्या खात्याने लॉगिन करता आणि एकूण किती जीबी न्यायचं आहे, एवढं लिहून काढा. शेवटचा आकडा उगाच विचारत नाही. १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला ११-१२ एमबी जातात, गिगाबिटवर ११० एमबीच्या आसपास. म्हणजे ४०० जीबीचे फोटो आणि व्हिडिओ असतील तर एकीकडे जवळजवळ दहा तास, दुसरीकडे एक तास. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल किंवा हजारो बारीक फाइली असतील तर त्याहून जास्त वेळ धरा.

मग नेटवर्कची (इथरनेट) केबल हातात घ्या. तिच्या अंगावर बारीक अक्षरांत कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं असतं. घरातल्या अंतराला दोन्ही उत्तम. या केबलची मर्यादा १०० मीटरची आहे. पारदर्शक प्लग उजेडात धरून पाहा. आत आठ तारा ओळीने उभ्या दिसतात: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आठही तारा पार टोकापर्यंत, पितळी पट्ट्यांखाली पोचलेल्या हव्यात. हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण एकदा माझ्या केबलची तपकिरी तार आतच तुटलेली होती. जोडणी झाली, फाइलीही जाऊ लागल्या, पण वेग ११ एमबीच्या वर सरकेना. मी संध्याकाळभर सेटिंग्ज उलटसुलट करत बसलो. आठ तारांच्या चार जोड्या असतात; गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार गेली तरी केबल सहसा बंद पडत नाही, नुसती मंदावते. म्हणून जोडल्या जोडल्या नेटवर्कच्या माहितीत लिंकचा वेग बघा. तिथे १००० दिसलं पाहिजे. १०० दिसलं तर आधी दुसरी केबल लावून पाहा. प्लगची क्लिप तुटलेली असेल तर ती केबल या कामाला घेऊच नका. टेबलाला धक्का लागला की ती पोर्टमधून सुटते आणि कॉपी अर्ध्यात थांबते.

राउटर जवळ असेल तर दोन्ही संगणक त्याच्याच लॅन पोर्टना जोडा. आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर संगणक ओळखायचे आकडे, तोच वाटून देईल. नसेल तर एकाच केबलने थेट जोडा. त्यासाठी पूर्वी क्रॉसओव्हर केबल (एका टोकाला तारांचा क्रम बदललेली) लागायची, गिगाबिट पोर्ट असलेल्या यंत्रांना तिची गरज नाही. थेट जोडणीत पत्ते मात्र हाताने द्या: एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. तुमच्या वायफायचे पत्तेही १९२.१६८.५० नेच सुरू होत असतील तर इथे वेगळा आकडा घ्या, नाहीतर फाइली केबल सोडून भलत्याच वाटेने जायला बघतील. एखाद्या संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला कुणाकडून पत्ता मिळाला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला, असं समजा.

इथवरचं काम अर्ध्या तासाचं. माणसं अडकतात ती पुढे, खाती आणि परवानग्यांपाशी.

विंडोजमध्ये ही जोडणी पब्लिक नव्हे, प्रायव्हेट आहे याची खात्री करा. थेट जोडलेल्या केबलला विंडोज अनोळखी नेटवर्क समजतं आणि पब्लिकमध्ये टाकतं. मग फायरवॉल समोरच्याला आत येऊ देत नाही. नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल शेअरिंग दोन्ही चालू करा. फायरवॉल पूर्ण बंद करून टाका असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका, पब्लिकचं प्रायव्हेट करणं पुरतं. तसंच एखाद्या जुन्या यंत्रासाठी एसएमबीची (विंडोज ज्या पद्धतीने फाइली शेअर करतं तिची) पहिली आवृत्ती पुन्हा चालू करायचा मोह टाळा. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तो तिच्यातल्याच खिंडारातून.

आता पासवर्ड. रोज पिन टाकून लॉगिन करत असाल तर तो पिन इथे चालणार नाही. तो त्या एका यंत्रापुरताच असतो. पासवर्ड नसलेल्या खात्यालाही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे, ज्या संगणकावर फाइली आहेत तिथे एक वेगळं स्थानिक खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि दुसऱ्या संगणकावर तेच नाव, तोच पासवर्ड टाका. लिनक्सवर सांबा (विंडोजशी फाइली शेअर करायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याचा पासवर्ड वेगळा द्यावा लागतो, लॉगिनचा आपोआप लागू होत नाही.

पूर्ण ड्राइव्ह शेअर करू नका. एक फोल्डर बनवा, हवं ते त्यात ठेवा, तेवढंच शेअर करा. परवानग्या दोन जागी असतात, शेअरच्या आणि फोल्डरच्या स्वतःच्या, आणि दोन्हींतली जी कडक ती लागू होते. फोल्डर उघडतं पण आत काही ठेवता येत नाही, असं झालं की या दोन्ही जागा बघा.

सुरू करण्याआधी दोन्ही संगणक चार्जरला लावा आणि स्लीप बंद करा. जिथे फाइली उतरवायच्या ती डिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटची असेल तर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल ती घेणार नाही, हे आत्ताच तपासा. नेटवर्कच्या यादीत समोरचा संगणक दिसला नाही तरी हरकत नाही; विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.५०.१ (किंवा त्या संगणकाचा जो पत्ता असेल तो) असं इंग्रजी आकड्यांत टाका, बहुतेक वेळा दार उघडतं. आधी एकच मध्यम आकाराची फाइल पाठवा, ती पलीकडे उघडून बघा, मगच बाकीचं लावा.

मूळ फाइली लगेच पुसू नका. हलवा नव्हे, कॉपी करा. झाल्यावर दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का बघा, मधल्या-मधल्या चार फाइली उघडा. मग शेअर बंद करा, ते वेगळं खातं काढून टाका आणि हाताने दिलेला आयपी पत्ता पुन्हा आपोआपवर आणा, नाहीतर तोच संगणक उद्या केबलने राउटरला जोडलात तर इंटरनेट मिळणार नाही.