मेटफॉर्मिनची जठरात टिकणारी गोळी: पॉलिमर किती आणि का

मधुमेहावरचं औषध मेटफॉर्मिन शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात. गोळी तिथून पुढे सरकली की उरलेलं औषध बरंचसं वाया. म्हणून ती जठरातच थोपवायची.

प्रयोगशाळेत १०० गोळ्यांसाठी सुरुवातीचं प्रमाण: मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड ५० ग्रॅम, एचपीएमसी के१००एम (पाण्यात फुगून जेल होणारं पॉलिमर) २०, कार्बोपॉल ९७१पी (चिकटणारं पॉलिमर) ४, खाण्याचा सोडा (आम्लात गॅस सोडून गोळी तरंगवायला) ८, पीव्हीपी के३० (दाणे बांधायला) २.५, टाल्क ०.७, मॅग्नेशियम स्टिअरेट ०.८ (हे दोन्ही भुकटी साच्याला चिकटू नये म्हणून); सगळं ग्रॅममध्ये. एक गोळी ८६० मिलिग्रॅमची.

मेटफॉर्मिन आणि एचपीएमसी ४० नंबरच्या चाळणीतून काढा. पीव्हीपी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्या द्रावणात हे मिश्रण मळा; पाणी घातलंत तर एचपीएमसी भांड्यातच फुगून लगदा होतो. १६ नंबरमधून दाणे पाडा, ४५–५० अंशांवर वाळवा, २० नंबरमधून काढा. सोडा, कार्बोपॉल आणि टाल्क कोरडेच मिसळा. स्टिअरेट शेवटी, दोन-तीन मिनिटंच. जास्त घोळलं तर दाण्यांवर पाणी न धरणारा थर बसतो आणि गोळी ठिसूळ निघते.

हार्डनेस, म्हणजे गोळी फुटायला लागणारा जोर, ७–८ किलोच्या आसपास ठेवा. फार दाबलेल्या गोळीत आम्ल उशिरा शिरतं, गॅस उशिरा सुटतो आणि गोळी तळाशी बसून राहते.

खरी मेख कार्बोपॉलमध्ये आहे. जठराच्या आम्लात त्याचे कार्बॉक्सिल गट आयनरहित (विद्युतभाराविना) राहतात आणि जठराच्या अस्तरावरच्या श्लेष्मातल्या म्यूसिन या प्रथिनाशी हायड्रोजन बंध जोडतात. ही झाली चिकटण्याची बाजू. औषध धरून ठेवायचं काम एचपीएमसीच्या जेलचं. चिकटावं म्हणून कार्बोपॉल वाढवत नेऊ नका: मेटफॉर्मिन धनभारित, कार्बोपॉल आम्लधर्मी, त्यामुळे औषध सुटण्याचा वेग बदलतो. शिवाय श्लेष्माचा थर काही तासांत नवा होतो. जुना गळला की चिकटलेली गोळीही त्याच्याबरोबर सुटते. नुसत्या चिकटपणावर भिस्त ठेवायची नाही, तरंगणंही हवं, ते यासाठीच. आणि गोळी जेवणानंतरच. रिकाम्या पोटी दर दीड-दोन तासांनी येणारी आकुंचनाची लाट तिला बाहेर ढकलते.

चिकटपणा मोजायला शेळीच्या जठराचं ताजं अस्तर लागतं. गोळी ओली करून त्यावर दोन मिनिटं हलक्या वजनाखाली ठेवा, मग ती तराजूच्या एका बाजूला जोडून दुसऱ्या पारड्यात थेंबथेंब पाणी सोडा. गोळी सुटेल तेव्हाच्या पाण्याचे ग्रॅम गुणिले ९.८१ भागिले १००० म्हणजे न्यूटनमधलं बल.

डिसोल्यूशन (गोळीतून औषध किती वेगानं सुटतं त्याची चाचणी) ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, ९०० मिलिलिटर, ३७ अंश. फुगलेली गोळी पॅडलच्या (ढवळणाऱ्या पात्याच्या) दांड्याला चिकटते का, तेवढं बघत राहा. चिकटली तर ती वाचनं रद्द. यूव्हीवर (अतिनील प्रकाशानं औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) फॉस्फेट बफरमध्ये वापरतात ती २३३ नॅनोमीटर तरंगलांबी इथे चालत नाही, आम्लात शिखर सरकतं. कॅलिब्रेशन (माहीत प्रमाणाच्या द्रावणांचा तुलनेचा आलेख) त्याच आम्लात काढा.