प्रागमध्ये एकच दिवस असेल, तर या चुका टाळा

प्रागचा एक दिवस बहुतेकांचा क्रम चुकल्यामुळे फुकट जातो. आरामात नाश्ता, दहा-साडेदहाला चार्ल्स पूल, मग भर दुपारी किल्ल्याची चढण. तोवर पुलावर पाय ठेवायला जागा नसते आणि किल्ल्यातही गर्दी झालेली असते.

पूल सकाळी सातच्या आत गाठा. राजा चौथ्या चार्ल्सने १३५७ साली बांधायला घेतलेल्या या दगडी पुलावर ३० पुतळे आहेत, आणि एकेकासमोर थांबता येईल अशी हीच वेळ. पलीकडे उतरल्यावर चढायला लागू नका. मालोस्त्रान्स्का थांब्यावरून २२ नंबरची ट्राम पकडा आणि ‘प्राझ्स्की ह्राद’ (म्हणजे प्रागचा किल्ला) थांब्यावर उतरा. तिथून किल्ला पाच मिनिटांवर. परतताना मात्र जुन्या पायऱ्यांनीच उतरा, लाल कौलांचं अख्खं शहर समोर असतं. पायऱ्या संपल्या की जवळच मेट्रो आहे, आणि एकाच स्टेशनावर जुनं शहर.

ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट नुसतं विकत घेऊन भागत नाही. ते पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, मेट्रोत सरकत्या जिन्याला लागण्याआधीच. शिक्का नसेल तर हातात तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

वार न बघता जाणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. रविवारी सकाळी किल्ल्याच्या आवारातल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतरच आत सोडतात. १३४४ साली पायाभरणी होऊन १९२९ साली पूर्ण झालेली ही वास्तू बाहेरूनच बघून परतायची नाही. शनिवारी ज्यू संग्रहालय बंद असतं, म्हणजे त्यातलं पिंकास सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) सुद्धा. त्याच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) सुमारे ८०,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत, आणि वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं. माझ्या मते प्रागमध्ये हे चुकवू नये. निवड असेल तर शनिवार-रविवार टाळाच.

पैशांचं बघा. इथे चलन युरो नाही, कोरुना आहे. रस्त्यात कुणी ‘चांगला भाव देतो’ म्हणत आलं, तर थांबूच नका; हातात दुसऱ्याच देशाच्या बाद नोटा येतात. दुकानात पैसे बदलताना पाटीवरचा भाव न बघता, ‘एवढ्याचे नेमके किती कोरुना मिळतील’ हे आधी विचारा. तरीही फसलात, तर पावती जपून ठेवा: २०१९ पासूनच्या कायद्याप्रमाणे १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. एटीएमने रुपयांत हिशेब करू का असं विचारलं, तर नको म्हणा, कोरुनाच निवडा.

व्हिएन्नाहून सकाळी येऊन रात्री परत जायचा बेत करू नका. रेल्वेला एका बाजूने सुमारे चार तास लागतात. प्रागच्या त्याच दिवसात कार्लोवी व्हारी हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गावही उरकायचा मोह आवरा.

जुन्या शहराच्या चौकातलं १४१० सालचं खगोलीय घड्याळ ताशी ठोका देतं. सांगाडा घंटा वाजवतो, खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरून जातात, कोंबडा आरवतो आणि खेळ संपतो. मिनिटभराचंच काम, त्यामुळे अर्धा तास आधीपासून ताटकळू नका. सगळ्यांच्या माना वर असतात तेव्हाच पाकीटमार हात मारतात. सोबत आई-बाबा असतील, तर सगळीकडे दगडी फरसबंदी आहे हे लक्षात घेऊन त्यांना चपला नको, बूट घालायला सांगा. घड्याळाच्या वरच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, त्यामुळे तिथे त्यांनाही घेऊन जा.