नवा रेणू लेझरच्या नळीत भरण्याआधी

नवा वायू हाती घेतला की मी पंप आणि आरशांना हात लावत नाही. आधी कागदावर रेणूच्या ऊर्जापातळ्या काढतो आणि दोन गोष्टी तपासतो: वरची पातळी भरणार कोण आणि खालची रिकामी करणार कोण? (लेझर चालायला वरच्या पातळीत खालच्यापेक्षा जास्त रेणू लागतात.) दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे माझे कित्येक महिने वाया गेले. नळी बाजूने छान चमकायची, पण गेन, म्हणजे नळीतून जाताना प्रकाश वाढणं, काही मिळेना.

कुमार पटेल यांनी 1964 मध्ये बेल लॅब्जमध्ये केलेला कार्बन डायऑक्साइड लेझर नीट समजून घ्या. नायट्रोजनची पहिली कंपनपातळी 2330 सेमी⁻¹ (ऊर्जेचं एकक) वर, कार्बन डायऑक्साइडची वरची पातळी 2349 वर, म्हणजे जवळजवळ सारखीच. नायट्रोजनला ती ऊर्जा प्रकाश टाकून सोडता येत नाही, म्हणून तो ती सांभाळून ठेवतो आणि टक्कर झाली की देऊन टाकतो. खालच्या पातळ्यांत साचलेले रेणू हेलियम मोकळे करतो, शिवाय उष्णता नळीच्या भिंतीकडे पोचवतो. आपल्या रेणूलाही असे सोबती मिळतात का, ते शोधा. इथे घालवलेला वेळ कधीच फुकट जात नाही.

सोबती नसेल, तर दुसऱ्या लेझरने पंप करा, म्हणजे त्याच्या प्रकाशाने वरची पातळी भरा. मिथिल फ्लोराइड कार्बन डायऑक्साइड लेझरची 9.55 मायक्रॉन तरंगलांबीची रेषा शोषतो आणि 496 मायक्रॉनवर प्रकाश देतो. इथे दाब अगदी कमी, एका टॉरच्याही (दाबाचं एकक, वातावरणाच्या दाबाचा 760वा भाग) खाली ठेवा. रेणू एकमेकांवर वारंवार आदळू लागले की पातळ्यांमधल्या रेणूसंख्येचा फरक पुसला जातो.

डिस्चार्जने, म्हणजे वायूतून वीज सोडून, उत्तेजित करायचं असेल, तर नुसत्या व्होल्टेजला अर्थ नाही. इलेक्ट्रॉनची ऊर्जा ठरते विद्युतक्षेत्र आणि वायूची घनता यांच्या गुणोत्तरावर. दाब दुप्पट केला तर क्षेत्रही दुप्पट लागतं. वातावरणीय दाबावर एकसारखी चमक टिकत नाही, ठिणगी पडते. म्हणून विजेच्या मुख्य स्पंदाच्या (क्षणिक झटक्याच्या) किंचित आधी अतिनील प्रकाशाने वायू थोडा आयनित करून घ्या. नायट्रोजनच्या 337 नॅनोमीटरच्या लेझरमध्ये तर वरची पातळी खालचीपेक्षा फारच अल्पजीवी. काही नॅनोसेकंदांत प्रवाह चढला नाही तर संधी गेली. तिथे सपाट प्लेटचे कॅपॅसिटर लावा आणि जोडण्या जमतील तेवढ्या आखूड ठेवा.

सुरुवातीला वायू वाहता ठेवा, कारण डिस्चार्जमध्ये रेणू फुटतात. आरसे बसवण्याआधी दुसऱ्या लेझरचा क्षीण किरण नळीतून पाठवून गेन मोजा. आणि नळीला हात लावण्याआधी, दर वेळी, कॅपॅसिटर अर्थिंगच्या दांडीने रिकामा करा.