वाण्याच्या यादीतूनच: साबण, शॅम्पू, टूथपेस्ट आणि घराची सफाई प्राणिजन्य घटकांविना

व्हीगन शॅम्पू शोधायला गेलं की पहिल्यांदा दिसते ती ऑनलाइन दुकानातली पानाफुलांची नक्षी असलेली बाटली, आणि तिची किंमत पाहून माणूस गुपचूप जुन्याच साबणाकडे वळतो. खरं तर या कामासाठी लागणाऱ्या निम्म्याअधिक वस्तू वाण्याकडे आणि काष्ठौषधीच्या दुकानात सुट्या मिळतात. उरलेल्या साध्या, नेहमीच्याच कंपन्यांच्या असतात, फक्त पुडा उलटून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लागते.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. व्हीगन म्हणजे वस्तूत प्राण्यापासून आलेलं काही नाही: चरबी नाही, दूध-मधही नाही. क्रुएल्टी-फ्री म्हणजे ती वस्तू किंवा तिचे घटक प्राण्यांवर तपासलेले नाहीत. एकात दुसरं आपोआप येत नाही. मधाचा साबण क्रुएल्टी-फ्री असू शकतो, पण व्हीगन नाही.

१. घरात आहे ते आधी संपवा

अर्धी बाटली कचऱ्यात टाकून कुठल्याच सशाचा जीव वाचत नाही. न्हाणीघरात आणि ओट्याखाली काय काय आहे याची एक यादी करा, आणि जे संपेल त्याच्या जागी नवं आणा. एकदम सगळं बदलायला गेलात तर महिन्याचं बजेट कोलमडेल आणि घरातले वैतागतील ते वेगळंच.

२. पुड्याची मागची बाजू वाचा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम. साबण, शॅम्पू, टूथपेस्ट यांच्या वेष्टनावर खाद्यपदार्थांसारखा हिरवा किंवा तांबडा-तपकिरी ठिपका छापण्याचा नियम २०१४ साली निघाला. तो प्रत्येक पुड्यावर सापडेलच असं नाही, पण पुष्कळांवर असतो. तपकिरी दिसला तर विषय संपला. हिरवा दिसला तर मात्र अर्धंच काम झालं, कारण हिरवा म्हणजे शाकाहारी. दूध, मध, मधमाश्यांचं मेण त्यात चालतं.

म्हणून पुढे घटकांची नावं. चरबी सहसा चरबी या नावाने छापलेली नसते. साबणावर 'सोडियम टॅलोएट' दिसलं तर ती जनावराची चरबी. 'सोडियम पामेट' म्हणजे पाम तेल, 'सोडियम कोकोएट' म्हणजे खोबरेल. आपल्याकडे बनणाऱ्या अंघोळीच्या साबणांत पाम आणि खोबरेलाचाच भर असतो, त्यामुळे साधा देशी साबण बहुतेकदा या परीक्षेत पास होतो. इंपोर्टेड वडी घेताना जास्त जपावं. (पाम तेलासाठी जंगलं तुटतात हा आक्षेप खरा आहे. तो ज्यांना खुपतो त्यांनी खोबरेलाचा साबण शोधावा. केरळी पद्धतीचे असे साबण आता आपल्याकडेही सहज मिळतात.)

साबणावरचा टीएफएमचा (टोटल फॅटी मॅटर, म्हणजे एकूण स्निग्धांशाचा) आकडा पाहून काही जण फसतात. ७६ टक्के किंवा जास्त म्हणजे ग्रेड १, ७० म्हणजे ग्रेड २, ६० म्हणजे ग्रेड ३. हा आकडा साबणात स्निग्धाम्लं किती हे सांगतो, ती गाईची की नारळाची हे सांगत नाही. तरी पैशांच्या दृष्टीने तो उपयोगाचा आहे: ग्रेड १ची वडी लवकर विरघळून चिखल होत नाही, महिनाभर पुरते.

आणखी काही नावं लक्षात ठेवा. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येतं. 'सेरा अल्बा' म्हणजे मधमाश्यांचं मेण, लिप बामात हमखास. कार्माइन किंवा सीआय ७५४७० हा किड्यांपासून काढलेला लाल रंग. केराटिन, कोलॅजेन, सिल्क प्रोटीन ही तिन्ही प्राणिजन्य. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड मात्र दोन्हीकडून येऊ शकतात, त्याबद्दल शेवटी.

आता आपल्या घरातला खास सापळा. 'आयुर्वेदिक', 'हर्बल', 'नैसर्गिक' हे शब्द वाचून आपण निर्धास्त होतो. पण दंतमंजनातला 'समुद्रफेन' हा समुद्राचा फेस नाही, तर कटलफिश या सागरी प्राण्याच्या शरीरातलं कवच असतं. प्रवाळ, मोती, शंखभस्म हेही त्याच वाटेचे. पंचगव्याचा साबण आणि गोमूत्राचं फिनाईल तर नावातच सांगून टाकतात. श्रद्धेने वापरणाऱ्यांशी वाद नाही, पण ते व्हीगन नव्हेत.

प्राण्यांवरच्या चाचण्यांबद्दल: भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही बंदी आली. म्हणजे देशी साबण-शॅम्पूसाठी 'क्रुएल्टी-फ्री' या शिक्क्याचे जादा पैसे मोजायची फारशी गरज नाही. मात्र हा नियम प्रसाधनांचा आहे. कपड्यांची पावडर आणि संडास-बाथरूमचे क्लीनर त्यात येत नाहीत. तिथे उडी मारणाऱ्या सशाचं (लीपिंग बनी) चिन्ह पाहावं, किंवा पुण्यातली ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था काय सांगते ते पाहावं. १९७४ पासून ती हेच काम करते आहे.

३. अंग धुणं

साबणाचं वर आलंच. साबण कमी लागावा असं वाटत असेल तर दिवाळीपुरतं वापरलं जाणारं उटणं वर्षभर वापरा. मसूर डाळ जाडसर दळून आणा, त्यात थोडी आंबेहळद, नागरमोथा, वाळा आणि वाळवलेली संत्र्याची साल. दुधात किंवा सायीत कालवायची रीत आहे, ती सोडा; साधं पाणी चालतं, आणि थंडीत त्वचा ओढली जात असेल तर चमचाभर खोबरेल घाला. न्हाणीघराच्या जाळीवर हे साचतं, तेवढं लक्ष ठेवा.

पाय फुटतात, ओठ उलतात त्यासाठी मेणाचा बाम आणू नका. कोकमाच्या बियांपासून काढलेलं घट्ट तेल, मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात ते, कोकणातल्या आणि गोव्याच्या बाजारात गोळ्यांच्या रूपात मिळतं. थंडीत दगडासारखं लागतं, पण टाचेवर घासलं की अंगाच्या उबेने हळूहळू विरघळतं. एक गोळा अख्खा हिवाळा जातो. कुठल्याही महागड्या फूट क्रीमपेक्षा माझं मत याला.

४. केस

काष्ठौषधीच्या दुकानातून रिठा, शिकेकाईच्या शेंगा आणि वाळलेला आवळा आणा. पावडर घेऊ नका. ती स्वस्त वाटते, पण केसांत अडकून बसते आणि तिच्यात काय मिसळलं आहे ते कळत नाही.

दहा-बारा रिठे फोडून आतली काळी टणक बी काढून टाका. पाच-सहा शेंगा मोडून घ्या, मूठभर आवळा घाला आणि अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत आवळ्यामुळे सगळं काळंकुट्ट होतं. सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा. भांडं मोठं हवं, कारण फेस वर येतो आणि उतू गेला की गॅस बर्नरपर्यंत पोचतो. गार झाल्यावर हाताने कुस्करा आणि जुन्या पंचाच्या फडक्यातून गाळा. चहासारखं तपकिरी, किंचित चिकट पाणी हाती येईल.

ते ओल्या केसांच्या मुळाशी हळूहळू ओता, चोळा, धुवा. डोळे घट्ट मिटलेले असू द्या. डोळ्यांत रिठा गेला की काय होतं हे लहानपणी आजीकडून न्हाऊन घेतलेल्या कुणालाही विचारा. शॅम्पूइतका फेस होणार नाही, पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि चिकट थर बसतो, तसं रिठ्याचं होत नाही. उरलेलं पाणी फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर त्याहून जास्त.

केस रंगवलेले असतील तर मात्र जपून, आवळा-शिकेकाईने रंगावर परिणाम होऊ शकतो. आणि केसांना खायचा सोडा लावण्याचे जे व्हिडिओ फिरतात ते सोडून द्या. सोडा अल्कधर्मी असतो, केस राठ करतो.

५. दात आणि दाढी

इथे घरगुती प्रयोग नकोत. लिंबू दातांचं इनॅमल झिजवतं, आणि दातांना लावायच्या मिश्रीमध्ये तंबाखू असते. फ्लोराइड असलेली साधी टूथपेस्ट घ्या, फक्त घटक तपासून. दाढीचा ब्रश डुकराच्या केसांचा असतो बऱ्याचदा. नायलॉनचा मागा, स्वस्तही पडतो. दाढीनंतर तुरटीचा खडा फिरवा. काखेत घामाच्या वासालाही तोच चालतो, डिओडरंटचे पैसे वाचतात.

६. घराची सफाई

तीन पुड्या आणा: खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड, ज्याला वाणी लिंबाचं फूल म्हणतो. रिठा घरात आहेच. तीन पुड्या तीन वेगळ्या बरण्यांत भरा आणि नावं लिहा, कारण तिन्ही पांढऱ्याच.

आता एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर फरशी घालवून बसाल. आंबट काहीही, मग ते लिंबू असो, व्हिनेगर असो की सायट्रिक ॲसिड, शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर यांवर वापरायचं नाही. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. आम्लाने ते खाल्ले जातात, चकाकी जाते आणि पांढुरके डाग कायमचे राहतात. घरात ओटा कडप्प्याचा असेल तर तो नुसत्या रिठ्याच्या पाण्याने पुसा, म्हणजे आवळा-शिकेकाई न घालता वरच्यासारखंच उकळून गाळलेल्या. सिरॅमिक टाइल, स्टील, काच यांना आंबट चालतं.

*नळ, बादल्या, किटलीतला क्षार:* लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड. नळावर भिजवलेलं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवा, मग घासा. किटलीत भरून तासभर ठेवा आणि नीट विसळा.

*संडास:* रात्री निजताना दोन-तीन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड भांड्यात टाका, सकाळी ब्रश मारा. जुना पिवळा थर एका रात्रीत जाणार नाही, आठवडाभर चिकाटी धरावी लागते.

*तेलकट चिकटा:* एक्झॉस्ट फॅनची जाळी, गॅसच्या स्टीलच्या जाळ्या यांसाठी अर्धी बादली कडकडीत पाणी आणि दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. हातमोजे घाला. हिंडालियमची भांडी यात बुडवू नका, ॲल्युमिनियम काळं पडतं.

*भांडी:* रिठ्याचं पाणी, आंबटपणासाठी चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून. फार तेलकट कढई आधी कागदाने पुसून घ्या. घासायला काथ्या, किंवा घोसाळ्याची जाळी. कुंपणावर एखादं घोसाळं जून होऊन वाळू द्या, साल सोलून बिया झटकल्या की सहा महिन्यांचा स्पंज तयार. पितळेला चिंच आणि मीठ, आणि लगेच धुऊन कोरडं करणं.

*लादी:* रोजची पुसायला कोमट पाणी आणि थोडं रिठ्याचं पाणी पुरतं. सालींच्या बायोएन्झाइमची, म्हणजे साली आंबवून केलेल्या सफाईच्या पाण्याची, सध्या हवा आहे: एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवणं. काचेच्या बरणीत करू नका, वायू साठून फुटते. प्लास्टिकची बाटली घ्या आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करा. करायला हरकत नाही, पण तेही आंबटच, त्यामुळे शहाबादीला बंदी कायम. आणि तीन महिने वाट पाहण्याइतकं ते काही थोर नाही असं मला वाटतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाटलीत भरून ठेवण्याचा सल्ला जिथे तिथे मिळतो. दोघं एकमेकांना मारतात, फसफसून झालं की उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. तुंबलेल्या मोरीत ते फसफसणं थोडं कामाला येतं, तेवढंच. आणि ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल, संडास क्लीनरसुद्धा, कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

७. पैसे कुठे घालायचे

पुड्यावर आता एमआरपीच्या शेजारी दर ग्रॅम किंवा दर मिलीची किंमत छापलेली असते. मोठी बाटली नेहमीच स्वस्त पडत नाही, हे त्यावरून चटकन कळतं. सोडे, सायट्रिक ॲसिड आणि रिठा सुटे घेतल्यावर सफाईच्या खर्चात जी बचत होते ती टूथपेस्ट आणि सनस्क्रीनकडे वळवा. तिथे तयार, तपासलेली वस्तूच हवी.

८. शंका असेल तर कंपनीला विचारा

ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिडचं कोडं दुकानदार सोडवू शकत नाही. पुड्यावर कस्टमर केअरचा ईमेल छापलेला असतो, त्यावर दोनच प्रश्न पाठवा: 'या उत्पादनातलं ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड वनस्पतीजन्य आहे का? तयार वस्तू किंवा घटक तुम्ही किंवा तुमचे पुरवठादार प्राण्यांवर तपासता का?' सोबत बॅच नंबर लिहा. 'आम्ही सर्व नियम पाळतो' असं गोलमाल उत्तर आलं तर तेच प्रश्न पुन्हा पाठवा आणि हो किंवा नाही एवढंच मागा. पुरवठादार बदलला की उत्तरही बदलू शकतं, म्हणून मिळालेल्या उत्तराशेजारी तारीख टिपून ठेवा आणि वर्षाने परत विचारा.